दहावीतल्या मुलीला अपस्मार : गोळ्यांचं कसं जमवताय? (सांगली-मिरज)

विशाखा_विश्रामबाग :
नमस्कार. माझी मुलगी दहावीला आहे, वय १५. गणपती झाल्यावर तिला एक मोठी फिट आली. चाचणी परीक्षा चालू होती, आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून अभ्यास केला होता. सकाळी उठली, दात घासले, चहाचा कप हातात घेतला आणि कप उडाला. हातातून निसटला नाही, हाताला हिसका बसून समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. "आई, परत हात उडाला बघ," एवढं म्हणाली आणि पुढच्याच मिनिटाला खाली कोसळली. बाकीचं लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

ती "परत" म्हणाली, कारण ते हात उडणं कित्येक महिने चालू होतं. कधी कंगवा फेकला जायचा, कधी पेन. सकाळच्या क्लासच्या वह्या नंतर काढून बघितल्या, तर ओळीच्या मध्येच फर्रकन आडव्या रेघा ओढल्या गेलेल्या. संध्याकाळच्या पानांवर एकही नाही.

मिरजेच्या न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. एमआरआय नॉर्मल आहे, ईईजीमध्ये (मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी) दोष दिसला. निदान जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे जेएमई. लेव्हेटिरासेटाम सकाळ-रात्र चालू केलंय. त्यानंतर फिट नाही, हाताचे झटकेही जवळजवळ बंद. पण पोरगी पार बदलली आहे. साध्या बोलण्यावर अंगावर येते, दारं आपटते, मग तासभर रडते. गोळीचा परिणाम की दहावीचं टेन्शन, काही कळत नाही.

त्यात आमच्या नात्यातले एक डॉक्टर आहेत, गावाकडे प्रॅक्टिस करतात, माणूस अनुभवी. ते म्हणतात व्हॅल्प्रोएट द्या, जुनं आणि खात्रीचं औषध आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी ते मुद्दाम टाळलंय. कुणाचं ऐकायचं? आणि शाळेत सांगायचं का? ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी कृपया लिहा.

भिलवडीकर :
ताई, काळजी घ्या. माझ्याकडे अनुभव नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. इथे लिहिणारी माणसं आहेत.

पलूसचे_काका :
आमच्या मुलाला सातवीत असताना पहिली फिट आली. त्याची केस वेगळी होती, हे आधी सांगतो. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू ओढली जायची, शुद्ध बऱ्यापैकी असायची. एमआरआयमध्ये छोटी गाठ निघाली. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेला संसर्ग. घर माळकरी, मटण-अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, रिपोर्ट बदलला असेल. त्यांनी समजावून सांगितलं की ही अंडी घाण पाण्यातून, नीट न धुतलेल्या कोथिंबीर-मुळा-गाजरातून पोटात जातात. शाकाहारी माणसालाही होतं. आपल्या देशात फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे.

त्याला अल्बेंडाझोलचा कोर्स आणि कार्बामाझेपिन दिलं. गाठ विरघळली, दोनेक वर्षं फिट आली नाही, मग हळूहळू गोळी बंद केली. आज तो कुंडलच्या पुढे शेतावर ट्रॅक्टरमागे राबतो. (ट्रॅक्टर चालवत नाही. त्यावर मी ठाम आहे.)

सांगायचं कारण हे की आता तुम्हाला दहा लोक दहा गोळ्यांची नावं सांगतील. प्रत्येकाला आधी विचारा, "तुमची फिट कुठल्या प्रकारची?" आमच्या पोराला लागू पडलेलं औषध तुमच्या लेकीला चालेलच असं नाही.

मज्जारज्जू :
काकांनी मुद्द्याचं लिहिलंय. मी न्यूरॉलॉजीत काम करतो. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, पण विशाखाताईंच्या प्रश्नामागचं कारण सांगू शकतो.

जेएमई साधारण १२ ते १८ या वयात सुरू होते. झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत हात-खांद्यांना झटके बसतात. जागरण झालं की वाढतात, आणि कधीतरी त्यातूनच मोठी फिट येते. वहीतल्या रेघा ही अतिशय मोलाची माहिती आहे, त्या वह्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेक घरांत हे झटके धांदरटपणा म्हणून वर्षानुवर्षं निघून जातात, मुलं स्वतःही सांगत नाहीत.

या प्रकारात काही औषधं उलटी पडू शकतात. काकांच्या मुलाला गुण आलेलं कार्बामाझेपिन जेएमईमध्ये झटके वाढवू शकतं. फेनिटॉइनचंही तसंच. म्हणून "फिटची गोळी" अशी एकच एक गोष्ट नसते.

आता व्हॅल्प्रोएट. तुमचे नातेवाईक खोटं बोलत नाहीत. जेएमईवर ते फार प्रभावी औषध आहे आणि मुलग्यांना अनेक वर्षं तेच दिलं गेलं. मुलींच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. गरोदरपणात हे औषध चालू असेल तर साधारण १०० पैकी १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत, शिकण्या-बोलण्यात अडचणी दिसतात. ब्रिटनने २०१८ मध्ये मुली आणि तरुण स्त्रियांसाठी यावर कडक निर्बंध घातले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये, मूल होऊ शकण्याच्या वयातल्या मुली-स्त्रियांना हे औषध लिहू नये असं सांगितलं. शिवाय वजन वाढणं, केस गळणं, पाळी बिघडणं हे त्रास पंधरा वर्षांच्या मुलीला किरकोळ नसतात. जेएमईची गोळी बहुतेकांना दीर्घकाळ, पुष्कळांना जन्मभर लागते. "आत्ता देऊ, लग्नाच्या वेळी बदलू" म्हणताना पाच-दहा वर्षं बसलेली घडी त्या वेळी विस्कटावी लागते. मिरजेच्या डॉक्टरांनी पुढचा विचार केलेला दिसतो.

कांचन_कुपवाड :
लेव्हेटिरासेटाम आणि राग! ताई, माझा मुलगा (१७) याच गोळीवर आहे. पहिले दोन महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा नियम झाला होता. हा त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे, तुमची मुलगी बिघडलेली नाही. आम्ही डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी व्हिटॅमिन बी-६ ची गोळी जोडून दिली, आणि डोस हळू वाढवायचा होता तो आणखी हळू केला. आमच्याकडे फरक पडला. सगळ्यांना पडतोच असं नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

एक विचारू का? नुसता राग आहे की उदासही असते?

केमिस्ट_गावभाग :
गावभागात माझं औषध दुकान आहे. काउंटरच्या या बाजूने चार गोष्टी.

कंपनी बदलू नका. फिटच्या गोळीत "हेच औषध, दुसरी कंपनी" असं ऐनवेळी करू नये. नेहमीची कंपनी नसेल तर दुकानदाराला मागवून द्यायला सांगा, दुसऱ्या दिवशी येते. जनऔषधी केंद्रातून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, लेव्हेटिरासेटाम तिथे स्वस्त मिळतं. पण डॉक्टरांना सांगून घ्या आणि मग तेच चालू ठेवा. लेव्हेटिरासेटाम राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे किमतीवर सरकारी मर्यादा आहे. परवडत नाही म्हणून कुणी गोळी सोडू नये, सिव्हिलला जाऊन विचारा.

स्ट्रिप कापून घेऊ नका. कापलेल्या तुकड्यावर नेमकी तारीख राहत नाही, आणि घरात चार तुकडे झाले की रात्रीची घेतली का नाही तेही कळत नाही.

दुसऱ्या आजारासाठी कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य "हिला अपस्मार आहे" हे असू द्या. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, यांनी फिटची शक्यता वाढते. लोक माझ्याकडे येऊन "पोट बिघडलंय, गोळी द्या" म्हणतात. मला कळायला मार्ग नसतो.

आणि महिन्याभराचा साठा घरात जास्तीचा ठेवा. २०१९ चा पूर आठवा.

तासगावचा_द्राक्षवाला :
२०१९! आयर्विन पुलावर पाणी, सगळीकडचे रस्ते बंद. माझ्या मेव्हणीच्या गोळ्या संपत आलेल्या, सांगलीत पोचायची सोय नाही. शेवटी बोटीतून मदत वाटणाऱ्या पोरांनी चिठ्ठीचा फोटो पुढे पाठवून कुठून तरी दोन स्ट्रिपा आणल्या. ती पोरं कोण होती ते आजतागायत माहीत नाही. केमिस्टसाहेब म्हणतात ते नदीकाठच्या लोकांनी भिंतीवर लिहून ठेवावं. चिठ्ठीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पाहिजेच.

आबा_मणेराजुरी :
मी वेगळं सांगतो, राग मानू नका. आमच्या भावकीत एका पोरीला वैद्याच्या पुडीने गुण आला. महिन्याची पुडी, पथ्य कडक. डॉक्टरी गोळ्या बंद करून आज तिला वर्ष झालं, एकदाही आकडी नाही. सगळं इंग्रजी औषधच खरं असं नसतं.

मज्जारज्जू :
आबा, राग नाही. पण विषय गंभीर आहे म्हणून स्पष्ट लिहितो. फिटसाठी "आयुर्वेदिक" म्हणून विकल्या गेलेल्या पुड्यांमध्ये फिनोबार्बिटोनसारखी फिटचीच इंग्रजी औषधं मिसळलेली सापडल्याची प्रकरणं आपल्या देशात झाली आहेत. तसं असेल तर गुण पुडीतल्या त्या न सांगितलेल्या गोळीचा असतो, आणि तिचा डोस कुणालाच ठाऊक नसतो. पुडी एक दिवस चुकली की झटक्यात बंद झाल्यासारखं होतं, आणि मग एकामागून एक फिट येत राहतात. त्या मुलीची पुडी कुठून येते, त्यात काय आहे, हे तिच्या आईवडिलांना एकदा विचारायला सांगा. कुठलंही औषध जोडायचं असेल तर चालू गोळी न थांबवता, डॉक्टरांच्या कानावर घालून.

आबा_मणेराजुरी :
सांगतो त्यांना. हे मिसळायचं ठाऊक नव्हतं.

विशाखा_विश्रामबाग :
सगळ्यांचे आभार. व्हॅल्प्रोएटबद्दल इतकं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नातेवाईकांना हा प्रतिसाद वाचून दाखवला, तेही म्हणाले की मुलीच्या बाबतीत हा विचार करायला हवा.

कांचनताई, तुमच्या प्रश्नावर रात्रभर विचार करत होते. हो, उदास असते. मैत्रिणींचे फोन घेत नाही. परवा जेवताना म्हणाली, "मी नसते तर तुमचं बरं झालं असतं." मी जवळ घेतलं, तिने ढकललं. पुढची अपॉइंटमेंट महिनाअखेरीस आहे.

आणि सासूबाईंचं म्हणणं शाळेत अजिबात सांगू नका. मुलीची जात, उद्या लग्नाला अडेल.

मज्जारज्जू :
ताई, महिनाअखेरपर्यंत थांबू नका. आज फोन करा. मुलीचं हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. या औषधाने काहींच्या मनात जीव नकोसा होण्याचे विचार येऊ शकतात आणि तसं बोललं गेलं तर लगेच कळवायचं असतं. दोन गोष्टी सोबत: गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम तोडल्याने मोठी फिट येऊ शकते. आणि तिला एकटं झोपवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे कुठल्याही वेळी मराठीतून बोलता येतं. तिच्याशीही थेट बोला. "मरावंसं वाटतं का?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते.

कांचन_कुपवाड :
ताई, फोन केला की इथे नुसतं "केला" एवढं लिहा.

विशाखा_विश्रामबाग :
केला. उद्या सकाळी बोलावलंय.

सुनंदा_माधवनगर :
लेकीला बरं वाटू दे, गणपतीला नवस बोलते. पण शाळेच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची आहे. माझ्या नणंदेच्या मुलीचं जमलेलं लग्न नुसत्या कुजबुजीवरून मोडलं. डॉक्टर, शाळा, मैत्रिणी म्हणता म्हणता अख्ख्या पेठेला कळतं. इथे धीर देणारे लग्नाच्या वेळी येणार नाहीत.

पलूसचे_काका :
सुनंदाताई, तुमचं दुःख खरं आहे. पण शाळेत फिट आली आणि कुणाला माहीतच नसेल तर काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या मुलाला खेळाच्या तासाला आली, तर पोरांनी नाकाला कांदा लावला, चप्पल हुंगवली, एका सरांनी दातांत चमचा घातला. पुढचा दात तुटला. सर माणूस चांगला, जीव तोडून धावला होता, पण त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन सगळ्या शिक्षकांना सांगितलं: कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर द्या, चष्मा काढा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली, तर गाडी काढा. पुढच्या वेळी त्या सरांनीच सगळं नीट केलं.

कांचन_कुपवाड :
याला जोडून: पाच मिनिटांच्या पुढे फिट गेली तर ती थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे असतो. किती फवारे ते वजनावर ठरतं, डॉक्टरांकडून लिहून घ्या. आमचा एक दप्तरात, एक शाळेच्या ऑफिसात. मुदत संपली का ते बघत जा.

रोहिणी_पेठनाका :
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मला जेएमई आहे. वय आता ३१. वाळवा तालुक्यातलं घर, नोकरी पुण्यात.

मला चौदाव्या वर्षी फिट आली. घरच्यांनी सगळं केलं, चांगले डॉक्टर, वेळच्या वेळी गोळी, कशाची कमतरता नाही. फक्त मला सांगितलं नाही. "डोकेदुखीची गोळी आहे, शक्तीची आहे," असं म्हणून आई रोज हातावर ठेवायची. फाइल कपाटात, कुलपात. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मला बाहेर बसवायचे. बारावीनंतर मी हॉस्टेलला गेले. डोकं काही दुखत नव्हतं, म्हणून गोळी थांबवली. सबमिशनसाठी रात्र जागवली आणि सकाळी मेसच्या जिन्यावरून खाली आले. हनुवटीवर टाके आहेत. शुद्धीवर आल्यावर वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने सहज विचारलं, "एपिलेप्सीची गोळी कधीपासून बंद केलीस?" तो शब्द मी माझ्याबाबत तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आईवडिलांचं प्रेम मला कळतं. पण तो आजार माझा होता आणि घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होता.

विशाखाताई, माझं एकच मागणं आहे. शाळेला काय सांगायचं ते नंतर ठरवा, आधी मुलीला सगळं सांगा. नाव सांगा, गोळीचं नाव पाठ करू द्या, ती कशासाठी आहे, चुकली तर काय, किती वर्षं घ्यावी लागेल, मुलं होण्याचा प्रश्न काय आहे, सगळं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे झेपतं. तिला झेपत नाही ते बंद दारामागचं कुजबुजणं. डॉक्टरांशी तिला एकटीला दहा मिनिटं बोलू द्या. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी मिळते, सकाळ-रात्र वेगळे कप्पे असलेली. रविवारी ती डबी तिलाच भरू द्या, तुम्ही रात्री फक्त कप्पा रिकामा झालाय का ते बघा. मोबाईलवर गजर तिच्या आवडीच्या गाण्याचा लावा.

आणि सुनंदाताई, लग्नाचं. १९९९ साली कायदा बदलला, हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही अपस्माराचा उल्लेख वगळला गेला. अपस्मार आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. माझ्या नवऱ्याला मी दुसऱ्या भेटीत सांगितलं. त्याआधी दोन मुलं सांगितल्यावर निघून गेली, ते बरंच झालं. पुण्यात संवेदना फाउंडेशनचा अपस्मार असलेल्यांसाठी आधारगट आहे. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा एका खोलीत इतकी माणसं आपापल्या गोळ्यांची नावं मोकळेपणाने सांगत होती, की मी नुसती ऐकत बसले.

सुनंदा_माधवनगर :
रोहिणी, बाळा, वाचून डोळे भरून आले. शाळेचं मला अजून पटलेलं नाही, पण मुलीपासून लपवू नये हे पटलं.

कृष्णाकाठ_७ :
पोहण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. उन्हाळ्यात आपल्याकडची पोरं कृष्णेत पडलेली असतात. फिटचा त्रास असणाऱ्याने एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, नदीत तर अजिबात नाही. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, दारावर पाटी अडकवायची. सायकल मोठ्या रस्त्यावर नको, डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

वसंत_मिरज :
गाडीच्या लायसन्सचं काय? माझ्या भाच्याला अठरा पूर्ण होतायत, गाडी-गाडी करून डोकं खातोय. त्याचीही गोळी चालू आहे.

पलूसचे_काका :
आरटीओच्या फॉर्म १ मध्ये पहिलाच प्रश्न अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा आहे. खोटं लिहून सही करू नका. भाच्याला म्हणावं सांगली-मिरज बस दर थोड्या वेळाने आहे, आणि खिडकीची जागा मिळाली तर भडंग खात जाता येतं. बुलेटवर कुठे खाता येतंय?

वसंत_मिरज :
काका, हे त्याला तुम्हीच येऊन सांगा की. भडंग मी देतो.

केमिस्ट_गावभाग :
भडंगाची ऑर्डर दुसऱ्या धाग्यावर द्या मंडळी. विशाखाताई, भेटीत काय झालं?

विशाखा_विश्रामबाग :
सगळं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळे त्या केबिनमध्ये माझ्याबरोबर होतात असंच वाटत होतं.

जाण्याआधी रात्री रोहिणीचा प्रतिसाद लेकीच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे मला वेड लागत नाहीये ना?" गेले कित्येक आठवडे ती हे डोक्यात घेऊन फिरत होती. फिट, मग हा राग, रडू. तिला वाटत होतं की मेंदू बिघडत चाललाय आणि आम्ही लपवतोय. मी तिच्याजवळ बसून फाइल उघडली, ईईजीचा कागद दाखवला, जेएमई म्हणजे काय ते वाचलं, गोळीच्या परिणामांचं वाचलं. मग मरणाच्या विचारांचं थेट विचारलं. म्हणाली, मरायचं नाहीये, पण सकाळी उठावंसं वाटत नाही.

डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलायला मला बाहेर पाठवलं. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. नंतर दोघींना समोर बसवून म्हणाले, हिला ही गोळी मानवत नाही, फिट थांबलेली असली तरी. त्यांनी लॅमोट्रिजिन सुरू केलंय. अगदी कमी डोसपासून, आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यायचं. पुरेसा डोस होईपर्यंत लेव्हेटिरासेटाम चालूच, मग तेही पायरीपायरीने कमी करायचं. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, तापासारखं वाटलं तर वाट न बघता लगेच यायचं, हे तीनदा बजावलं. काहींना या गोळीने झटके वाढतात, तेही लक्षात ठेवायला सांगितलं. मधल्या काळासाठी समुपदेशकांची चिठ्ठी दिली, पहिली भेट झाली.

तिने डॉक्टरांना स्वतः विचारलं, "बोर्डाच्या पेपरला हात उडाला तर?" ते म्हणाले, पेपर अकराला, तुझे झटके उठल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांतले. रात्री दहाला झोप, साडेसहाला ऊठ, गोळी घे, पेपरला बसेपर्यंत ती वेळ मागे पडलेली असेल. जागून केलेल्या अभ्यासाचा तुला तोटाच आहे. मी हे वर्षभर सांगून थकले होते, त्यांचं तिने एका वाक्यात ऐकलं.

शाळेत वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका, दोघींनाच सांगायचं, आणि तिची एक मैत्रीण. या तिघी कोण, हे तिनेच ठरवलंय. सासूबाई अजून रुसलेल्या आहेत. पण काल रात्री साडेनऊला टीव्हीचा आवाज बंद करून "पोरीला झोपू दे" म्हणाल्या.

केमिस्टदादा, एक प्रश्न तुम्हाला. नव्या गोळीचे डोस दर थोड्या दिवसांनी बदलणार, वेगवेगळ्या ताकदीच्या स्ट्रिपा घरात जमा होतील. गोंधळ कसा टाळू? आता डबी ती भरणार आहे.

रोहिणी_पेठनाका :
तिला सांगा, "वेड लागत नाहीये ना" हा तिचा प्रश्न माझ्याही मनात होता, आणि मला विचारायला १९ वर्षांची व्हावं लागलं. तिला हवं असेल तर मला इथे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू दे, तुमच्या परवानगीने.

केमिस्ट_गावभाग :
ताई, लागेल तेवढीच ताकद घ्या, पुढच्या टप्प्याची आधीच घेऊन ठेवू नका. महिन्याच्या जास्तीच्या साठ्याचं मी म्हणालो होतो ते डोस ठरल्यावरचं, आत्ता नाही. डॉक्टरांकडून आठवडावार तक्ता लिहून घ्या, तारखांसकट, आणि तो डबीच्या झाकणाला आतून चिकटवा. २५ ची आणि ५० ची पाकिटं दिसायला सारखी असतात. घरी आणल्या आणल्या लेकीला मार्करने स्ट्रिपेच्या मागे मोठा आकडा लिहायला सांगा, तारखेवर नको. संपलेल्या टप्प्याच्या उरलेल्या गोळ्या घरात पडू देऊ नका, दुकानात आणून द्या, मी बाजूला काढतो. आणि लॅमोट्रिजिन काही कारणाने चार-पाच दिवस चुकलं तर आहे त्याच डोसवर परत सुरू करायचं नाही. आधी डॉक्टरांना फोन, मग गोळी. पुन्हा खालूनच चढवावं लागतं. हे तक्त्यावर लाल पेनाने लिहा.

विशाखा_विश्रामबाग :
लिहिलं. लाल पेन तिच्याच कंपासमधलं घेतलं. रोहिणी, तिने तुला व्यनि केलाय, मी वाचलेला नाही.